मध्येच वर्गात येणारी मुलं

ताई, दिंडोरीच्या शाळेत रुजू झालात, म्हणून सांगते. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याहून द्राक्षबागेत मजुरीला आलेल्यांची मुलं मध्येच वर्गात येतात. काही घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी. त्यांचं बोलणं लगेच सुधारायला जाऊ नका. आधी त्यांच्याकडून चार शब्द शिका, फळ्यावर लिहा. माझ्या वर्गात एक मुलगी तीन आठवडे गप्प होती. तिचा शब्द फळ्यावर दिसला आणि ती उठून खडू मागायला आली! बाकांच्या जागा दर सोमवारी बदला. छडीचं तर नावच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घालतं. 'ढ' म्हणणं त्यातच आलं, असं मी मानते.