पहिली तार सारखी तुटतेय? आधी तुटलेला तुकडा बघा

तुमची पोस्ट वाचली आणि मला माझा 2019 चा पावसाळा आठवला. तुम्ही लिहिलंय: स्ट्रॅट टाइप इलेक्ट्रिक गिटार, बारीक तारांचा 9 चा सेट, महिन्याभरात तिसऱ्यांदा पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार तुटली, बाकीच्या पाच ठणठणीत, आणि नेरुळच्या दुकानात सांगितलं की 10 चा जाड सेट टाका. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, दुकान वेगळं, बाकी सगळं तंतोतंत तेच. म्हणून जरा लांबच लिहितोय. मी काही रिपेअरवाला नाही, पंधरा-सोळा वर्षं वाजवतोय एवढंच, तेव्हा गिटार महागडी असेल तर जाणत्या माणसाला दाखवूनच हात लावा.

सेट कसा चढवायचा, खुंटीला किती वेढे द्यायचे ते तुम्हाला येत असणार. तार चुकून एक ऑक्टेव्ह वर ट्यून होत नाहीये हेही धरून चालतो.

तुम्ही तार तुटली एवढं लिहिलंय, पण कुठे तुटली ते लिहिलंच नाही, आणि सगळं त्यावरच आहे हो. ब्रिजच्या सॅडलवर (गिटारच्या पोटावर तार टेकते तो धातूचा तुकडा), नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी), खुंटीपाशी की मधे फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या)? तुकडे फेकले नसतील तर गोळीकडचा तुकडा शोधा (तारेच्या ब्रिजकडच्या टोकाला छोटी गोळी असते ना, तो). तो दोन इंचाच्या आसपास असेल तर तार सॅडलवरच तुटतेय. खुंटीपाशी तुटत असेल तर खुंटीच्या भोकाची कड धारदार असते. नटपाशी तुटत असेल तर ट्यून करताना आधी टणकन आवाज येतो, कारण तार खाचेत अडकते आणि मग एकदम सुटते, त्याला मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं की बहुतेक वेळा भागतं.

मी तुटलेले तुकडे दर वेळी लगेच कचऱ्यात टाकले. माझी सगळ्यात मोठी चूक ती, कारण चौथी तार तुटल्यावर मी गिटार घेऊन एका दुकानात गेलो (नाव घेत नाही), तिथल्या माणसाने विचारलं कुठे तुटते, आणि मला सांगताच आलं नाही. तो म्हणाला नट टाइट आहे. मी हो म्हटलं. त्याने तिकोनी कानस घेतली आणि माझ्यासमोर सहाच्या सहा खाचा घासल्या. कुठल्या तारेला किती जागा लागते, खाली किती उरलंय, काही मोजलं नाही, पाच मिनिटांत 800 रुपये घेतले, पावती मागितली तर म्हणे सर्व्हिसची पावती नसते.

घरी येऊन लावली तर मोकळी तार छेडली की झर्र, पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की स्वच्छ. नटच्या खाचा जास्त खोल गेल्या की नेमकं हेच होतं, तार पहिल्या फ्रेटला टेकते. आणि पहिली तार? चार दिवसांत परत तुटली!

परत गेलो. आता म्हणे तुम्ही जोरात स्ट्रमिंग करता, 10 चा सेट टाका. टाकला. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण तुम्हालाही हाच सल्ला मिळालाय: 25.5 इंच स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी) गिटारवर 9-42 चा सेट सगळा मिळून साधारण 38 किलोने ओढतो, 10-46 चा 46 किलोच्या आसपास. ट्रेमोलो ब्रिज (दांडा दाबून सूर हलवता येतो तो) असेल तर तो मागच्या स्प्रिंग आणि पुढच्या तारा यांच्या ओढाताणीवर तोललेला असतो, पुढून आठ किलो वाढले की तो मागून उचलला जातो, अ‍ॅक्शन म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची वर जाते, सगळं बेसूर होतं. दुकानात कोणी मागचं झाकण उघडून स्प्रिंगचे स्क्रू आवळलेही नाहीत. जाड तार वाईट नाही, पण ती तुटण्यावरचं औषध नाही, आवाज आणि बोटांची सवय बघून ती घ्यायची. या मताशी बरेच जण सहमत नसतील, चालेल.

शेवटी उत्तर मिळालं ते आमच्या शेजारच्या काकांकडून. ते रबाळे एमआयडीसीत टूलरूमला फिटर होते, गिटारचा त्यांना गंध नाही. गॅलरीत मी वैतागून तार काढत होतो, ते म्हणाले दाखव बघू. डब्यातून कापसाचं बोंड आणलं, हलक्या हाताने एकेका सॅडलवरून फिरवलं. पाच सॅडलवरून कापूस सरळ सरकला. पहिल्या तारेच्या सॅडलवर तो अडला आणि दोन तंतू तिथेच लोंबत राहिले. काका म्हणाले, ‘बर आहे रे इथे.’ बर म्हणजे धातूवर राहिलेली बारीक धारदार कड. मी नखाने चाचपलं तर कड जेमतेम कळत होती, डोळ्याला काहीच नाही. पण 9 ची तार म्हणजे इंचाच्या हजार भागांतले नऊ भाग, पाव मिलिमीटरसुद्धा नाही, आणि ती त्या कडेवर जवळपास सहा किलोच्या ताणाने टेकलेली, वर प्रत्येक बेंडला (बोटाने तार ताणून सूर चढवला की) तिथेच घासणार.

काकांनी 600 चा वॉटर पेपर बारीक गुंडाळून चार-पाच हात मारले, मग 1200 चा, मग मी जुन्या सहाव्या तारेचा तुकडा खाचेतून मागेपुढे ओढला, त्याने छान गुळगुळीत होतं. परत कापूस फिरवला, अडला नाही. त्यानंतर ती तार मी अडीच महिन्यांनी बदलली, तीही गंजली म्हणून.

तुम्ही करणार असाल तर सॅडल काढून करा, आणि काढण्याआधी त्याच्या दोन बारीक अ‍ॅलन स्क्रूंची उंची मोजून लिहून ठेवा. न काढता करणार असाल तर पिकअपवर मास्किंग टेप लावाच लावा, लोखंडाचा चुरा मॅग्नेटला चिकटला की निघता निघत नाही. जास्त घासू नका, वरचा मुलामा गेला की आपल्याकडच्या हवेत सॅडल गंजतं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून पुसून घ्या. लॉकिंग ट्रेमोलो असेल तर हे जसंच्या तसं लागू नाही, तिथे तार सॅडलमधे चिमटलेली असते.

जाता जाता, खाडीकाठची हवा आणि घामाचे हात असतील तर वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालून कोरड्या सुती कापडाने पुसत जा. कोटेड सेट (तारांवर पातळ थर दिलेला) पावसाळ्यात टिकतो, मी वापरतो, पण बर तशीच ठेवून महागडा सेट चढवू नका, तोही तिथेच तुटेल.

नट मला शेवटी हाडाचा नवीन बसवून घ्यावा लागला, सेटअप धरून 1800 गेले, आणि तोपर्यंत दोन महिने मोकळ्या तारेची एकही कॉर्ड धड वाजवता आली नाही. त्या माणसाने कानस उचलली तेव्हा मी नुसतं ‘थांबा’ म्हणायला हवं होतं, याचा अजून राग येतो. तुमच्या नटला अजून कोणी हात लावलेला नाही असं पोस्टवरून वाटतंय, तर लावू देऊ नका. आज कापूस फिरवून बघा, आणि गोळीकडचा तुकडा सापडला तर त्याची लांबी इथे लिहा, सॅडलचा जवळून फोटो टाका, मी रात्री बघतो.