‘गाडीत काही फेरफार केले आहेत का?’

तुम्ही विचारले आहे की, पुढच्या वर्षी सहकुटुंब इंग्लंडला आल्यावर मुलाला एखादी जुनी गाडी घेऊन द्यायची आहे, त्याला तिच्यावर अलॉय व्हील्स आणि जरा भारदस्त आवाजाचा सायलेन्सर हवा आहे, तर विमा कितपत महागेल, आणि असले किरकोळ बदल कंपनीला कळवावेच लागतात का. परवाना, चाचणी, नोंदणी यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेली आहे, ती मी पुन्हा लिहीत बसत नाही. प्रश्नाचा शेवटचा भाग वाचून मात्र मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण सहा वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न मला पडला होता आणि त्याचे उत्तर मी परस्पर देऊन टाकले होते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण ती आपल्याकडच्या सवयीच्या उलट आहे. भारतात विम्याचा हप्ता मुख्यतः गाडीची किंमत, इंजिन आणि वय पाहून ठरतो. चाक कोणाच्या हातात आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. इथे विमा आधी माणसाचा आणि मग गाडीचा. वय, राहण्याचा पत्ता, नोकरी, परवाना मिळून किती वर्षे झाली, हे सगळे मोजले जाते. भारतीय परवान्यावर तुम्हाला इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ परवाना काढून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही चाचण्या द्याव्या लागतात. मी चौदा वर्षे गाडी चालवून आले होते, तरी अर्जात ‘किती वर्षांचा परवाना’ या रकान्यात मला शून्य लिहावे लागले, आणि तिकडचा नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरतच नाहीत. म्हणजे घरात नवा चालक फक्त मुलगा नसेल, तुम्हीही असाल.

फेरफारांचा हप्त्यावर परिणाम का होतो, याची कारणे साधी आहेत. इंजिनाचा संगणक रिमॅप करून ताकद वाढवली, तर वेग वाढला असे धरले जाते, आणि नव्या चालकाच्या बाबतीत हाच बदल सर्वांत महाग पडतो. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली, तर तिचे वळणे आणि ब्रेक लागणे बदलते. अलॉय व्हील्स वेग वाढवत नाहीत, पण चोराचे लक्ष वेधतात आणि दुरुस्तीचा खर्च वाढवतात. याखेरीज कंपनीच्या मनात एक न लिहिलेला हिशोबही असतो, तो म्हणजे अठरा वर्षांचा जो मुलगा सायलेन्सर बदलतो, तो गाडी कशी चालवत असेल. हा हिशोब पुष्कळ मुलांवर अन्याय करणारा आहे असे माझे मत आहे, पण माझ्या मताला कोणी हप्त्यात सूट देत नाही. त्यात नव्या चालकाचा मूळ हप्ताच मोठा असल्याने त्यावरची टक्केवारीही मोठी होते, आणि पुष्कळ कंपन्या अशा गाडीला नकारच देत असल्यामुळे उरलेल्या दोन-चार कंपन्या सांगतील तो आकडा मान्य करावा लागतो. शिवाय वर १२ टक्के विमा कर असतोच.

कारखान्यातूनच अलॉय व्हील्स लागून आलेली असतील, तर तो सहसा फेरफार मानला जात नाही. नंतर बसवलेली असतील, तर मानला जातो. आधीच्या मालकाने बसवलेली असली तरीही तुम्हीच सांगायचे असते. काही बदलांवर तर विम्याच्या आधी कायदाच बोट ठेवतो: पुढच्या दोन्ही दारांच्या काचांमधून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा, आणि मूळ सायलेन्सरपेक्षा जास्त आवाज करणारा फेरफार बेकायदा आहे. तुमच्या मुलाचा ‘भारदस्त आवाज’ तिथेच अडकेल.

आता माझी हकीकत. आम्ही आलो तेव्हा मुलगा सोळा वर्षांचा होता. दहावीला त्याला इंग्रजीत चांगले गुण होते, पण इथल्या कॉलेजने ते प्रमाणपत्र ग्राह्य धरायला नकार दिला आणि त्याला स्वतःपेक्षा एक वर्षाने लहान मुलांबरोबर पुन्हा परीक्षेला बसवले. चार पत्रे लिहिली, समतुल्यतेचा दाखला पैसे भरून मागवला. तो पोहोचेपर्यंत प्रवेशाची मुदत संपली होती. हे वर्ष वाया गेल्याचा सल मला अजून आहे. कॉलेज दुसऱ्या गावात, बस तासाला एक. अर्धवेळ काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने एक छोटी जुनी गाडी घेतली, तेव्हा त्या हरवलेल्या वर्षाची थोडी भरपाई झाल्यासारखे मलाही वाटले. आधीच्या मालकाने तिला मोठी चाके लावली होती, गाडी खाली बसवली होती आणि सायलेन्सर बदलला होता. मुलाने फक्त मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ असे देवनागरीत चिकटवून घेतले.

विम्याचा अर्ज मी भरला. सगळे खरे लिहून पाहिले, तर वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीहून जास्त येत होता. ‘गाडीत काही फेरफार केले आहेत का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटल्याबरोबर तो बराच उतरला. मग मी मुख्य चालक म्हणून स्वतःचे नाव घातले आणि मुलाला अधूनमधून चालवणारा ठरवले, तेव्हा तो आणखी उतरला. याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती सरळ फसवणूक समजली जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हते असे लिहायचा मोह होतो, पण ते खरे नाही. मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, “आई, चाकांचे लिही.” मी म्हणाले, “एवढे कोण बघायला येतेय?”

आठ महिन्यांनी एका चौकातल्या गोल रस्त्यावर किरकोळ धडक झाली आणि बघायला माणूस आला. कंपनीच्या पत्रात चाके, स्प्रिंग आणि सायलेन्सर यांच्यानंतर चौथ्या क्रमांकावर ‘मागील काचेवर परकीय लिपीतील मजकूर’ असेही लिहिलेले होते. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाजवी काळजी घेऊन द्यायची असतात. चूक निष्काळजीपणाने झाली असेल, तर कंपनी प्रमाणात कपात करू शकते; घ्यायला हवा होता त्याच्या निम्माच हप्ता घेतला असेल, तर भरपाईही निम्मी. जाणूनबुजून केलेल्या खोट्याला मात्र ही सवलत नाही. पॉलिसी रद्दबातल ठरते, दावा फेटाळला जातो आणि भरलेला हप्ताही कंपनी ठेवून घेऊ शकते. समोरच्याचे नुकसान कंपनीने भरले आणि नंतर ते आमच्याकडून वसूल केले. ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का?’ या प्रश्नाला मला आता प्रत्येक अर्जात ‘होय’ लिहावे लागते, आणि त्या एका शब्दाची किंमत चाकांपेक्षा कितीतरी जास्त पडली आहे. अशी पॉलिसी गेल्यावर कोणी तशीच गाडी बाहेर काढली, तर ३०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ दंडगुण लागू शकतात. चाचणी पास होऊन दोन वर्षे झाली नसतील, तर तेवढ्या दंडगुणांत परवाना जातो आणि पुन्हा प्रोव्हिजनलपासून सुरुवात करावी लागते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत एवढे करा. गाडी आवडली की पैसे देण्याआधी तिचा नंबर आणि सगळे फेरफार खरे लिहून विम्याचा आकडा काढा. तो झेपत नसेल, तर मूळ बनावटीची साधी गाडी घ्या, किंवा जुनी लोखंडी चाके मिळवून गाडी पूर्ववत करून मगच विमा उतरवा. बरीच वर्षे गाड्यांना १ ते ५० असे विमा गट दिले जात आले आहेत. गट जितका खालचा, तितका हप्ता कमी, म्हणून खालच्या गटातली पाहा. ब्लॅक बॉक्स, म्हणजे गाडी कशी आणि कधी चालवली याची नोंद ठेवणारे यंत्र, बसवणारी पॉलिसी नव्या चालकाला पुष्कळदा स्वस्त पडते, फक्त रात्री उशिरा चालवण्याचा हिशोब त्यात होतो, हे त्याला आधी सांगा. स्टिकर, टो बार (मागे ट्रेलर जोडायचा दांडा), रंग यांबद्दल शंका आली, तर कंपनीला विचारून उत्तर लेखी घ्या.

इथे एकटे वाटेल का, असेही तुम्ही जाता जाता विचारले आहे. वाटते, काम करत राहिले की दिवस जातो, त्यावर अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

मुलगा आता दुसऱ्या शहरात नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने स्वतःच्या नावावर गाडी घेतली. हप्ता किती बसला, हे मी विचारले, तेव्हा त्याने आकडा सांगितला नाही. सगळे लिहिले आहे, एवढेच म्हणाला. अर्ज तुमचा मुलगाच भरेल असे पाहा, आणि तो भरत असताना तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.