नाटकातला विधी खरा कधी होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या एकांकिकेत तुम्ही मांत्रिकाचं काम करताय. दिग्दर्शकाला मांडणी, मंत्र, सगळं ‘अस्सल’ हवंय. घरी आईचा विरोध आहे. आणि महिनाभर तालमीत तेच तेच म्हणून आता तुम्हालाच वाटायला लागलंय की हे कुठेतरी लागू तर होणार नाही ना. अभिनय कुठे संपतो आणि प्रत्यक्ष विधी कुठे सुरू होतो?

मी अभिनेता नाही, बॅकस्टेजचा माणूस आहे. मूळ गाव सिंधुदुर्गात, राहायला डोंबिवलीला. देवाला हात जोडतो, करणीवर विश्वास नाही. एवढं सांगितलं की पुढचं कुठल्या तोंडाने बोलतोय ते कळेल.

माझं उत्तर: ती रेषा मंत्राच्या शब्दांत नसते, हातवाऱ्यांत नसते, आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण तुमच्या मनातही नसते. समोरचा माणूस तिथे काय घेऊन आलाय त्यावर ती ठरते. तिकीट घेऊन आला असेल तर ते नाटक. गाऱ्हाणं घेऊन आला असेल तर तुम्ही कितीही खोटं खोटं केलंत तरी तो विधी.

आधी उलट्या टोकाचं उदाहरण घेऊ. ॲलिस्टर क्राऊली हा इंग्रज तांत्रिक तुम्हाला नावाने माहीत असेल. त्याने १९१० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लंडनच्या कॅक्सटन हॉलमध्ये ओळीने सात बुधवार सात ग्रहांचे विधी लावले. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. सातांचं मिळून तिकीट पाच गिनी, म्हणजे त्या काळात चांगलीच रक्कम. अंधार केलेला हॉल, धूप, कविता, लैला वॉडेलचं व्हायोलिन आणि व्हिक्टर न्यूबर्ग नावाच्या तरुण कवीचा नाच. क्राऊलीच्या मंडळींची समजूत अशी की नाचताना न्यूबर्गच्या अंगात देवता उतरते. ही माणसं ढोंगी नव्हती. त्यांच्या लेखी तो सोळा आणे खरा विधी होता आणि प्रेक्षकांनाही त्यातून समाधीसारखा अनुभव मिळावा अशी क्राऊलीची इच्छा होती.

झालं काय? काही लोक भारावले, काही कंटाळले. एका साप्ताहिकाने यथेच्छ टिंगल केली, बदनामीचा खटला झाला, आणि खटला भरला होता तो क्राऊलीच्या एका जुन्या सहकाऱ्याने. तो १९११ मध्ये हरला. क्राऊलीने स्वतः खटला भरलाच नाही. माझ्या मते गोम अशी की करणाऱ्यांची श्रद्धा शंभर टक्के होती, पण हॉलमधल्या माणसाचं त्या शनीकडे काही मागणं नव्हतं. त्याचं पोर आजारी नव्हतं, त्याची जमीन वादात नव्हती. तो बुधवारची संध्याकाळ काढायला आला होता. मग देवता उतरो न उतरो, बाहेर पडताना तो ‘प्रकाशयोजना बरी होती’ असंच म्हणणार.

आता दुसरा माणूस, आणि हा मला क्राऊलीपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बेटाच्या भागात क्वाकिउटल लोक राहतात. त्यांच्यातल्या क्वेसालिड नावाच्या एकाचं आत्मकथन फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने १९३० मध्ये प्रसिद्ध केलं, आणि पुढे १९४९ मध्ये लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने त्यावर लिहिल्यामुळे ते जगभर गेलं.

क्वेसालिडचा आपल्या समाजातल्या वैदू-भगतांवर विश्वास नव्हता. यांचं पितळ उघडं पाडायचं म्हणून तो त्यांच्यातच शिकायला गेला. शिकवणी पाहिलीत तर तुमची ॲक्टिंगची कार्यशाळा वाटेल: बेशुद्ध पडल्याचं सोंग कसं करायचं, झटके कसे आणायचे, उलटी कशी काढायची, कोणाच्या घरी काय दुखणं आहे याची बातमी आधीच कशी काढून ठेवायची. आणि मुख्य युक्ती ही. पक्ष्याच्या मऊ पिसांचा एक छोटा पुंजका तोंडात गालाशी दाबून ठेवायचा. रोग्याच्या अंगाला तोंड लावून चोखल्यासारखं करायचं. ऐन वेळी जीभ चावून किंवा हिरडीतून रक्त काढून तो पुंजका त्यात भिजवायचा आणि सगळ्यांसमोर थुंकून दाखवायचा: हा बघा तुमचा आजार, बाहेर काढला.

सगळे पुरावे हातात आले होते. पण पितळ उघडं पाडण्याआधीच एका घरून बोलावणं आलं. तिथल्या रोग्याला स्वप्न पडलं होतं की आपल्याला क्वेसालिडच बरा करणार. तो गेला, पुंजका थुंकला, आणि रोगी बरा झाला. क्वेसालिडचं स्वतःचं म्हणणं असं की रोग्याचा आपल्या स्वप्नावर गाढ विश्वास होता, त्याने तो बरा झाला. पुढे शेजारच्या कोस्किमो लोकांकडे गेला तर तिथले भगत नुसती थुंकी हातावर दाखवून ‘हाच रोग’ म्हणत होते. आता आली का पंचाईत! माझं खोटं की यांचं खोटं? त्यांचा एक रोगी बरा होत नव्हता, याने आपली युक्ती केली आणि तो बरा झाला. त्या भगतांनी याला गुपचूप बोलावून गुपित विचारलं.

क्वेसालिडने शेवटपर्यंत धंदा सोडला नाही. नाव कमावलं. आयुष्यात आपण एकच अस्सल भगत पाहिला असं तो म्हणतो, आणि का, तर तो बऱ्या झालेल्या माणसाकडून मोबदला घेत नसे आणि त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे बघा. क्राऊलीकडे श्रद्धा होती आणि समोर तिकीटवाले होते, झालं नाटक. क्वेसालिडकडे तोंडात पिसं होती आणि समोर दुखणं होतं, झाला विधी. (रोगी कशाने बरे झाले हा वेगळा विषय. आजार आपणहून उतरतात, धीर आल्यानेही माणूस उठून बसतो. म्हणून मुलाला ताप आला तर डॉक्टरकडेच न्या, हे सांगायला लागू नये.)

आमच्याकडे ही रेषा फार लवकर पुसली जाते. देवापुढे घालतात ते गाऱ्हाणंच घ्या. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांचं ‘होय म्हाराजा’. गावी देवळात ते ऐकताना कोणी हसत नाही, कारण त्यात कोणाचं तरी अडलेलं लग्न असतं नाहीतर मुंबईला गेलेला मुलगा असतो. तेच गाऱ्हाणं मुंबईत मालवणी कार्यक्रमात विनोदी करून घालतात, हापिसातल्या साहेबाला सुबुद्धी दे वगैरे. हॉल हसून लोळतो. पण ‘होय म्हाराजा’ म्हणताना पुढच्या रांगेतल्या एखाद्या आजीचे हात जोडलेलेच असतात. तिच्यापुरतं तिथे काय चाललंय, नाटक की विधी? मी तरी ठामपणे सांगू शकणार नाही.

आणि थिएटरमध्ये तर एकाच विंगेत दोन नारळ असतात. शुभारंभाच्या प्रयोगाला तिसऱ्या घंटेआधी एक फोडतात, प्रयोग निर्विघ्न पार पडू दे म्हणून. मग ‘रंगदेवतेला आणि नाट्यरसिकांना विनम्र अभिवादन करून’ पडदा. दुसरा प्रॉपर्टीच्या टेबलावर, मांत्रिकाच्या सीनमध्ये फोडायला. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून आणलेले. पहिल्याचे तुकडे प्रसाद म्हणून मिनिटात संपतात. दुसऱ्याला कुंकू लागलेलं असतं, तो कोणी खात नाही. मी विचारलं तर लाइटवाला म्हणाला, ‘माझा विश्वास नाही, पण नको.’

या ‘पण नको’ला घाबरू नका, तो सगळ्यांत असतो. १९८६ मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. दोन बाटल्यांत लोकांसमोर साखरच ओतली आणि ‘साखर’ व ‘सोडियम सायनाइड’ ही लेबलं त्यांच्याच हातांनी चिकटवायला लावली. तरी दुसऱ्या बाटलीतली साखर घालून पाणी प्यायला बरेच जण कांकू करत होते. तालमीत तुमच्या अंगावर येणारा काटा याच जातीचा आहे. तो मंत्राचा परिणाम नाही.

खरी काळजी करायची ती प्रयोग संपल्यानंतरची. आम्ही एक नाटक घेऊन एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. त्यात मांत्रिक करणारा आमचा मित्र बँकेत नोकरीला. मेकअप अर्धा उतरवलेला, एका डोळ्याला काजळ तसंच, आणि दारात एक बाई उभ्या. सुनेला तीन वर्षं मूल नाही, काही बघता का. तो म्हणाला, ‘मावशी, मी नट आहे हो, बँकेत असतो.’ त्या म्हणाल्या, ‘असाल. पण मगाशी म्हणत होतात ते येतं ना तुम्हाला?’ आणि टेबलावर, टिकल्यांच्या पाकिटाशेजारी, पन्नासची घडी केलेली नोट ठेवली. त्याने नोट त्यांच्या हातात परत दिली आणि जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभाग कुठे आहे ते बसून सांगितलं, मुलालाही तपासायला न्या म्हणाला. दोन तासांच्या नाटकात जे झालं नव्हतं ते त्या दोन मिनिटांत व्हायच्या बेतात होतं, फक्त नोट उचलायची बाकी होती.

कायदाही साधारण इथेच बोट ठेवतो. आपल्या राज्यातल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराचे प्रयोग करून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं, अंगात शक्ती आहे असं सांगून भीती घालणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच ते पन्नास हजार. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सुरीला जास्वंद चोळून लिंबातून ‘रक्त’ काढतात, पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरिनचं ‘तूप’ ओतून काडेपेटीशिवाय यज्ञ पेटवतात, भोंदूबाबा करतो तेच. ते लगेच युक्ती सांगून टाकतात, एवढाच फरक.

त्यामुळे तुमच्या दिग्दर्शकाला माझा निरोप द्या. अस्सल मंत्राने नाटकाला काडीचा फायदा नाही. प्रेक्षकाला उच्चारांचा ठेका ऐकू येतो, शब्दांची वंशावळ नाही. ‘क्र’, ‘ह्र’, ‘ट्ट’ अशी जड अक्षरं जुळवून स्वतःचा मंत्र बनवा, तो पाठही लवकर होतो आणि कोणाच्या श्रद्धेतला उचलल्याचा वादही येत नाही. जाहिरातीत ‘खरे मंत्र, खरा विधी’ असं छापायची अवदसा मात्र आठवू देऊ नका. ते छापलंत की तुम्ही स्वतःच लोकांना गाऱ्हाणी घेऊन बोलावताय. आईला म्हणावं हवं तर रोज दृष्ट काढ. तिचं समाधान होईल, तुमचं काही जात नाही.

आणि लिंबं खरी वापरा. रबराचं लिंबू शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतं.