नाव नसलेला जुना लाकडी रंधा घरी बनवलेला आहे का, कसं ओळखायचं?

आधी पातं बाहेर काढा. रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने हलके टोले द्या, पातं घट्ट धरणारी पाचर सैल होते. पात्याचा वरचा भाग ब्रशने साफ करा. जुन्या पात्यांवर तिथेच इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मार्पल्स किंवा वॉर्ड अँड पेनसारखी कारखानदारांची नावं असतात. पण त्यावरून रंध्याचं वय ठरवू नका. कित्येक सुतार पातं विकत आणून लाकडी अंग स्वतः घडवत.

मग पुढच्या टोकाचा आडवा छेद बघा. इंग्रजी कारखानदार आपला शिक्का तिथे मारत, मात्र मालकही तिथेच नाव ठोकत. पाचर अडवायला आरपार लोखंडी सळई असेल, तोंडाच्या (पातं खाली बाहेर येतं त्या फटीच्या) कडा पटाशीने ओबडधोबड कोरल्या असतील, तर तो बहुधा हातचाच. कृपा करून पॉलिश पेपरने घासू नका, पुसट अक्षरं कायमची जातील.