सरकारी जंगलातली झाडतोड कायमची बंद करावी का?

तुम्ही विचारलंय की मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडू नका म्हणून भांडणारी मुंबईची माणसं बरोबर, की "जंगल राखायचं तर थोडं तोडावंच लागतं" म्हणणारे तुमचे शहापूरचे मामा बरोबर. मी दोन्हीकडची आहे, म्हणून लिहिते. माझे बाबा शहापूर तालुक्यात जंगल कामगार सोसायटीच्या कुपावर, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, मुकादम होते. आणि ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री मी आरेच्या रस्त्यावर उभी होते.

आधी मामांची बाजू सांगते, कारण मुंबईत ती फारशी कुणी ऐकून घेत नाही.

समजा तोडीचा फेरा ४० वर्षांचा आहे. मग जंगलाचे ४० तुकडे पाडतात. त्यातला एक तुकडा म्हणजे कूप. यंदा या कुपात तोड, पुढच्या वर्षी शेजारच्या, आणि पहिल्या कुपावर परत यायचं ते ४० वर्षांनी. त्यातही सगळी झाडं जात नाहीत. काही बियाण्यासाठी, काही ओढ्याच्या काठाची म्हणून राखतात. तोडायच्या झाडावर वनखात्याचा हातोडा दोनदा बसतो: एकदा छातीच्या उंचीवर आणि एकदा अगदी मुळाशी, साल तासून. दोन निशाण्या का? झाड पडून लाकूड डेपोला गेलं तरी खालची निशाणी बुंध्यावर राहते. नंतर कुणीही यावं, बुंधे मोजावेत, यादीशी ताडून बघावेत. ज्या बुंध्यावर निशाणी नाही, ती चोरी.

बाबांचा जीव त्या बुंध्यांवर असायचा. साग जमिनीलगत तोडायचा, काप गुळगुळीत आणि किंचित उतरता हवा म्हणजे पावसाचं पाणी साचून बुंधा कुजणार नाही, आणि कडेची साल फाटता कामा नये, कारण फुटवा तिथूनच येतो. एखाद्याने घाईत साल ओरबाडली की बाबा त्याला परत बोलवून काप नीट करायला लावायचे. हिवाळ्यात तोडलेल्या सागाला पावसाळ्यात जे धुमारे फुटतात त्यांची पानं सुपाएवढी असतात. आम्ही पोरं कोवळं पान तळहातावर चुरडायचो, हात लालभडक व्हायचे. माझ्यासाठी 'तोडलेलं जंगल' म्हणजे हे चित्र आहे.

आणि त्या कुपावरची मजुरी कुणाची होती, हेही सांगायला हवं. ठाणे जिल्ह्यातल्या वारली, कातकरी, ठाकूर, कोळी माणसांना ठेकेदारांनी वर्षानुवर्षं नाडलं. म्हणून बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात, १९४७ पासून, ठेकेदाराऐवजी मजुरांच्याच सहकारी संस्थांना कुपं द्यायला सुरुवात झाली. त्यातल्या काही संस्था पुढे पुढाऱ्यांच्या हातात गेल्या, हे खरं. पण आमच्या घरी दिवाळीला कपडे आले ते त्याच कामातून. तोड बंद करा म्हणताना ही माणसं हिशेबात धरायला हवीत.

आता मामांना मी काय विचारेन ते सांगते.

कागदावरचं कूप आणि डोंगरावरचं कूप यांत पुष्कळ फरक पडतो. तोडीनंतर काही वर्षं चराई बंद ठेवायची असते. ती मोडली की गुरं फुटवे खातात, आणि एकदा खाल्लेला फुटवा झुडूपच राहतो. दुसरं, लिलावात भाव सागाला. ऐन, धावडा, बेहडा, हेद यांना तेवढी किंमत नाही, त्यामुळे हळूहळू मिश्र जंगलाचं सागवान होत जातं. १९७४ला वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि नंतर राज्यात अनेक ठिकाणी मिश्र जंगल साफ करून नुसता साग लावला गेला. सागाच्या रुंद पानावरून पडणारा थेंब जाड असतो. खाली गवत-झुडूप नसेल तर तो माती उडवतो. उन्हाळ्यात वाळल्या पानांचा थर, त्यात वणवा. झाडांची संख्या तेवढीच दिसते, पण त्या जंगलात मध नाही, मोह नाही, हिरडा नाही, रानभाजी नाही.

खात्याचं शास्त्रही नेहमी बरोबर असतं असं नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या बांबूचा अभ्यास केला होता. कागद गिरणीसाठी तोड चालायची, आणि बेटं मोकळी व्हावीत म्हणून भोवतालचं काटेरी जाळं साफ करायची पद्धत होती. गावकरी सांगत होते की काटे काढलेत तर कोंब राहणार नाहीत. तसंच झालं. ते काटेच कोवळ्या कोंबांना गुराढोरांपासून वाचवत होते. आराखडा कार्यालयात बसून केला की असं होतं.

आता आरे. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. आम्हाला आत सोडत नव्हते. अंधारात फक्त आवाज. करवतीची घरघर, मग क्षणभर शांतता, मग फांद्या मोडत खाली येण्याचा आवाज. मी लहानपणापासून झाड पडताना ऐकत आले आहे, पण त्या रात्री मला रडू आवरलं नाही. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' सांगितलं, तोवर २,१४१ झाडं गेली होती.

मला फरक कळला तो तेव्हा. बाबांच्या कुपात बुंधा राहायचा आणि त्याच्या फुटव्यासाठी सगळी धडपड असायची. इथे बुंधाच उपटायचा होता, कारण वर कारशेड येणार होती. एक झाड तोडणं आणि एक जमीन जंगलातून कायमची वजा करणं, या दोन गोष्टींना आपण 'वृक्षतोड' हा एकच शब्द वापरतो आणि मग भांडत बसतो. पहिलीवर चर्चा होऊ शकते. दुसरीसाठी "एका झाडाच्या बदल्यात इतकी रोपं लावू" हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. रोपं दुसरीकडे लागतात, आणि रोपवाटिकेत जे स्वस्त आणि पटकन वाढणारं असतं तेच लागतं, मग ते गिरीपुष्पासारखं परदेशी झाड का असेना. मेट्रो आली, मी त्याच मेट्रोने आता ऑफिसला जाते आणि तिचा मला उपयोग होतो. कारशेडसाठी दुसरी जागा शोधायला हवी होती, हे माझं मत तरीही तसंच आहे.

पुढे आरेची ८०० एकरांहून जास्त जमीन राखीव वन करण्यासाठी भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४ खाली अधिसूचना निघाली. पण तिथले आदिवासी पाडे आधीपासूनचे आहेत, त्यांच्या हक्कांचा निवाडा झाल्याशिवाय हे काम पूर्ण झालं असं मी मानणार नाही.

तुमचा मूळ प्रश्न 'कायमची बंद करावी का' हा. काही ठिकाणी ती बंदच आहे आणि तशीच राहावी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून मेलेलं किंवा पडलेलं झाडसुद्धा बाहेर काढायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०००चा आदेश आहे. शिलोंढ्याच्या वाटेवर वादळात आडवी झालेली एक सावर मी तीन पावसाळे पाहते आहे. पहिल्या वर्षी सालीवर पांढरी आळंबी, दुसऱ्या वर्षी साल सुटून आत किड्यांची भोकं, आता सुतारपक्षी तिथे रोज हजर असतो. विहार आणि तुळशी या दोन तलावांच्या डोक्यावर, दीड-दोन कोटींच्या शहरात, एवढा एक तुकडा पूर्ण हात न लावता ठेवलाच पाहिजे.

पण तिथेही एक गोष्ट मला खुपते. कारवी हे डोंगरातलं झुडूप साधारण आठ वर्षांनी एकदा फुलतं. उद्यानात कारवी २०१६ला फुलली, मग २०२४ला. फुलून बी पडलं की झाड आपोआप वाळतं. पाड्यांवरच्या घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या असायच्या. वाळलेली काठी न्यायला बंदी, म्हणून भिंतीला पत्रा लागतो. याने जंगलाचं काय राखलं गेलं, मला समजलेलं नाही.

म्हणून मी तोडीपेक्षा निर्णय कोण घेतं याकडे जास्त बघते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना खात्याकडूनच घ्यावा लागे, त्यासाठी त्यांना झगडावं लागलं. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ग्रामसभेला स्वतःच परवाने द्यायचा अधिकार मिळाला. तिथे आजही बांबू तोडतात. फक्त किती, कुठला आणि कधी, हे ज्यांना पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे जायचं आहे ते एकत्र बसून ठरवतात. शहापूर-जव्हारच्या जंगलातही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मामांशी बोलताना एक करा. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन आदेशानंतर केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे कुठे किती तोडायचं याच्या आराखड्याशिवाय, सरकारी जंगलात तोड करता येत नाही. ही आयोजना साधारण दहा वर्षांची असते आणि माहिती अधिकारात मागता येते. तुमच्या मामांच्या भागातली मागवा. गेल्या आयोजनेत तोडलेलं एखादं कूप नकाशावर शोधा आणि पावसाळा संपल्यावर मामांबरोबर तिथे जा. बुंध्यांना फुटवे किती आहेत, गुरं आत शिरतात का, सागाशिवाय काय काय उभं आहे, ते बघा आणि इथे लिहा. मला वाचायचं आहे.