प्रलयानंतर तांदूळ कुठून येतो?

प्रश्न : प्रलयानंतरच्या जगावरची एक कुमारवयीन कल्पनारम्य कादंबरी वाचली. समुद्र चढून साठ वर्षं झालीत, नदीमुखाजवळ दोनशे माणसांची वस्ती उरलीय, नायिका नुसत्या इशाऱ्याने पाणी थोपवते. पहिली ऐंशी पानं एका बैठकीत संपली. मग एक तरुण मोटारसायकलवरून आला, त्याच्यामागे दुसरा, आणि गोष्ट जी बसली ती उठलीच नाही. मैत्रीण म्हणते, प्रेमप्रकरण घुसडल्यामुळे बिघडली. खरंच तसं असतं का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रेमावर कशाला खापर फोडता! तुम्ही सांगितलेल्या कथानकावरून दिसतं ते असं, की हे जग आधीच पोकळ होतं. ऐंशी पानं नवलाईवर निघाली. नवलाई ओसरली तेव्हा नायिकेला आणि त्या तरुणांना करायला कामच उरलं नाही, म्हणून ते एकमेकांचे डोळे बघत बसले.

साधा हिशेब करून बघा. माणशी ४०० ग्रॅम तांदूळ धरला तर दोनशे माणसांना दिवसाला ८० किलो लागतो, म्हणजे वर्षाला सुमारे २९ टन. कांडून तेवढा मिळायचा तर ४४ टन भात पिकायला हवं. खत नाही, पंप नाही, तेव्हा हेक्टरी २ टन धरू. झालं २२ हेक्टर शेत. ते कोण कसतं, हे लेखकाला ठाऊक नसेल तर वस्तीत भांडणही खरं होत नाही. मोटारसायकलचं तर सोडाच. टाकीतलं पेट्रोल वर्षभरात खराब व्हायला लागतं, साठ वर्षांनी त्याचा नुसता चिकटा उरेल.

आपल्याकडची, गोव्यातली खाजन जमीन, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, डोळ्यांसमोर आणा. खाऱ्या पाण्याला अडवणारा मातीचा बांध आणि त्यात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तशी मानशीची दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटतं तशी उघडतात. वीज लागत नाही, म्हणजे प्रलयानंतरही ही व्यवस्था चालेल. फक्त कुजलेल्या फळ्या बदलणारं कुणीतरी हवं. खेकडे बांधाला बिळं पाडतात, बिळातून पाणी झिरपतं, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच भगदाड पडतं. एकदा खारं पाणी शिरलं की उभं पीक गेलं, शिवाय पुढच्या पावसाने मीठ धुतल्याशिवाय पेरणी नाही. कोरगूट भात खारवटपणा सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

आता नायिकेची शक्ती इथे आणून ठेवा. तिने आपल्या बांधापाशी भरती थोपवली तर ते पाणी जाणार कुठे? पलीकडच्या गावाच्या बांधावर. आणि ज्याच्यावर तिचा जीव जडलाय तो पलीकडचाच, रात्री बांध राखणारा, असेल तर? मग प्रत्येक भेटीला वजन येतं. तुमच्या कादंबरीत शक्तीची किंमत कुणीच मोजत नाही. नायिकेला थोडी चक्कर येते आणि पुढच्या प्रकरणात ती ठणठणीत!

त्या दोन तरुणांचीही परीक्षा घेता येईल. कुठलीही तीन पानं काढा आणि त्यांची नावं अदलाबदल करून वाचा. काही खटकलं नाही, तर तो त्रिकोण कागदी. दुसरं, दोघांपैकी एकाला गोष्टीतून वगळा. नायिकेचा एकही निर्णय बदलत नसेल तर तो फक्त मुखपृष्ठासाठी होता.

प्रश्न : मी अकरावीत आहे. गोव्यात घडणारी अशीच कादंबरी लिहितोय. जादू परदेशी वाटू नये म्हणून काय करू? — एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : गावच्या राखणदाराकडे, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाकडे बघ. त्याची हद्द ठरलेली असते, त्याला रोट, विडी, दारू ठरल्या वेळी द्यावी लागते आणि चुकलं तर तो कोपतो. म्हणजे हद्द, देणं आणि कोप हे तिन्ही नियम तुला आयते मिळाले. पहिल्या पन्नास पानांत तिन्ही वाचकाला दिसू देत आणि नंतर सोयीसाठी एकही मोडू नकोस. शेवटी नायिकेला अचानक नवी शक्ती फुटणं हा या प्रकारातला सगळ्यात मोठा रोग आहे. नकाशाही काढ. हद्द ओलांडून चालत जायला किती वेळ लागतो आणि वाटेत नदी ओलांडायला होडी कुठे मिळते, हे त्यावर लिहून ठेव. नाहीतर बाराव्या प्रकरणात दिवसभराची वाट तासात सरेल. आणि तीन भागांचं आत्ताच ठरवू नकोस. पहिला भाग अर्धवट तोडून ठेवणारी पुस्तकं वाचकाला फसवल्यासारखी वाटतात.

प्रश्न : पुस्तक आवडलं नाही, तर दुकानदाराला परत घ्यावं लागतं का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. फर्मा गळाला असेल, म्हणजे बहुधा सोळा पानं सलग गायब असतील, किंवा पानं उलटी बांधली गेली असतील, तर पावती घेऊन जा आणि बदलून मागा. कथेचा फर्मा गळाला असेल तर इलाज नाही. नव्या लेखकाचं पुस्तक विकत घेण्याआधी पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मिळतं का बघा. ही संस्था १८३२ पासूनची आहे. पुस्तक हाती आलं की पहिलं पान सोडा, मधलं एखादं प्रकरण उघडा आणि त्या वस्तीत त्या दिवशी जेवण कुणी रांधलं ते शोधा.