अंगठी मिळाली, राज्य राहिलं

प्रश्न : तेराव्या शतकात इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीच्या धाकट्या मुलाला, एडमंडला, पोपने सिसिलीचं राज्य देऊ केलं होतं असं वाचलं. तो खरंच तिथे राजा झाला असता, तर युरोपात काय बदललं असतं? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि सवयीने पेन्सिल उचलली. इतिहास शिकवता शिकवता जडलेली खोड आहे ही. कुठल्याही राजाचं स्वप्न समोर आलं की मी आधी त्याचा खर्च मांडते. इथला आकडा आहे १,३५,५४१ मार्क. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, तेव्हा झाले नव्वद हजार पौंडांच्या वर. हेन्रीची दोन-तीन वर्षांची नेहमीची मिळकत यात सहज गेली असती.

आणि एवढे पैसे राज्य जिंकण्यासाठी नव्हतेच! पोपने सिसिलीसाठी आधी ज्या लढाया केल्या, त्यांचं ते कर्ज होतं. ते फेडायचं, वर फौजही पाठवायची. १२५६ च्या सप्टेंबरअखेरची मुदत चुकली तर राजाला धर्मबहिष्कृत करू, अशी धमकी होतीच.

सम्राट दुसरा फ्रेडरिक १२५० मध्ये वारला, तेव्हापासून पोप या राज्यासाठी गिऱ्हाईक शोधत होते. सिसिली म्हणजे नुसतं बेट नव्हे. नेपल्स आणि ऍपुलियासकट सगळी दक्षिण इटली त्यात येई. हेन्रीचा भाऊ रिचर्ड, कॉर्नवॉलचा अर्ल, चांगला पैसेवाला. आधी त्याला विचारलं. ‘चंद्र विकतो, वर चढून घेऊन जा, असं सांगण्यासारखंच आहे हे,’ अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाल्याची नोंद तेव्हाच्या इतिवृत्तात आहे. (हाच शहाणा पुढे १२५७ मध्ये जर्मनीचा राजा म्हणून निवडून आला, ते सोडा.) हेन्री मात्र १२५४ मध्ये हो म्हणून बसला. एडमंड तेव्हा नऊ वर्षांचा. पुढच्या वर्षी बोलोन्याच्या बिशपने लंडनला येऊन त्याला राज्याची अंगठी दिली. १२५७ मध्ये बापाने त्याला ऍपुलियाचा पोशाख चढवून सरदारांपुढे उभं केलं, पैसे मंजूर व्हावेत म्हणून. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. सिसिलीत तेव्हा फ्रेडरिकचा अनौरस मुलगा मॅन्फ्रेड ठाण मांडून होता.

आता तुमचं ‘तर’. समजा, सरदारांनी थैल्या सोडल्या आणि मॅन्फ्रेडही हरला. सिसिलीच्या राजधानीत, पालेर्मोत, बारा-तेरा वर्षांचा परका राजा आणि कारभार बहुधा त्याच्या आईच्या सॅव्हॉयकर मामांच्या हाती. हे फार टिकलं असतं असं मला वाटत नाही. पुढे पोपने हेच राज्य फ्रान्सच्या राजाच्या भावाला, आंजूच्या शार्लला दिलं. तो मुरलेला माणूस होता. १२६६ मध्ये बेनेव्हेन्तोला मॅन्फ्रेडला मारून त्याने ते घेतलं, तरी १२८२ च्या ईस्टरला पालेर्मोचे लोक त्याच्या फ्रेंचांवर उलटले आणि बेट हातचं गेलं. जे शार्लला जमलं नाही ते या पोराला कुठलं जमायला?

म्हणून मला खरा बदल दिसतो तो इंग्लंडमध्ये. १२५८ च्या एप्रिलअखेर सरदार चिलखतं घालून वेस्टमिन्स्टरला आले, तलवारी तेवढ्या दाराबाहेर ठेवल्या. राजाच्या सावत्रभावांवरचा राग होता, पीक बुडून दुष्काळ पडला होता. पण राजाला त्यांच्याकडे हात पसरायला लावलं ते सिसिलीच्या कर्जाने. त्याच वर्षी ऑक्सफर्डला ठरलं की पंधरा जणांचं मंडळ राजाला सल्ला देईल आणि पार्लमेंट वर्षातून तीनदा भरेल. कर्ज नसतं तर ही वेळ कधीतरी आलीच असती, पण इतक्या लवकर आणि राजा इतका अगतिक असताना नव्हे.

दुसरी गोष्ट मला याहून गमतीची वाटते. सिसिली हुकली म्हणून एडमंड घरीच राहिला. बंडखोर सरदारांचा पुढारी सिमॉन द माँफर्ट १२६५ मध्ये ईव्हशॅमच्या लढाईत पडला, त्याच्या जमिनी या मोकळ्या राजपुत्राला मिळाल्या, आणि १२६७ मध्ये लँकेस्टरची जहागीर. पालेर्मोत असता तर हे घराणं उभंच राहिलं नसतं. त्याच्या पणतीचा, ब्लांशचा, मुलगा १३९९ मध्ये चौथा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. तेव्हा हक्क पक्का दिसावा म्हणून एक अफवाही पुढे आली होती : एडमंड हाच खरा थोरला, पाठीला कुबड म्हणून त्याला मागे सारलं!